वड्या आत, वडीवाली बाहेर

क्यूबातल्या आमच्या सान ब्रूनो गावच्या बागेत रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी बँड वाजायचा, आणि बँड वाजायला लागला की सगळं गाव चालायला लागायचं. पुरुष एका दिशेनं, बायका उलट्या दिशेनं, म्हणजे फेरीगणिक नजरानजर ठरलेली. आमच्याकडची निम्मी लग्नं या चालण्यात जमली आणि बाकीची निम्मी याच चालण्यात मोडली. पण चालायच्या वाटा दोन होत्या. आतली, बँडच्या चौथऱ्याभोवतीची, दिव्यांची आणि बाकांची, ती गोऱ्यांची. बाहेरची, रस्त्याकडेची, झाडांखालची, ती आमची. मधे जास्वंदीच्या कुंड्यांची रांग. कुठे पाटी नाही, कायदा नाही, तार नाही. तरी गावात जन्मलेलं पोर चालायला शिकायचं तेव्हा कुठून चालायचं तेही शिकायचं.

मा सेरापिया बेरोआ या कुंड्यांच्या बाहेरच्या अंगाला टोपली घेऊन बसायची आणि नारळाच्या वड्या विकायची. बाहेरचे लोक घ्यायचेच, पण खरा खप आतला. आतल्या बायका, आतली पोरं, आतले रेशमी रुमालवाले कुंड्यांवरून हात पुढे करायचे. वड्यांना आत जायची मुभा होती, वडीवालीला नव्हती. हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं आणि अजूनही वाटतं, आणि ज्यांना वाटायचं नाही त्यांचे केस मी मुद्दाम वेडेवाकडे कापायचो. दिवसा माझं केशकर्तनालय होतं. संध्याकाळी मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. रंगाचं म्हणाल तर मी दुधाची कॉफी, पण दूध महाग असताना केलेली.

सेरापियाची आई बेरोआंच्या साखर कारखान्यावर गुलाम होती. लहानपणीच आफ्रिकेतून जहाजात घालून आणलेली, तिकडच्या लुकुमी लोकांतली. सेरापिया जन्मली त्याच्या थोडंच आधी नवा कायदा आला होता की गुलाम बाईच्या पोटी येणारं मूल मोकळं. ती ही गोष्ट हसत हसत सांगायची.

"म्हणजे बघ, मी मोकळी आणि माझी आई मालकाची! मोकळ्या पोरीला पाजायला आईनं मुकादमाची परवानगी काढायची. ज्यानं कायदा केला त्याला पोरबाळ नसणार रे."

आडनाव अर्थातच मालकाचं. त्यामुळे गावात बेरोआ दोन जातीचे, आत चालणारे आणि बाहेर चालणारे. कुणी बेरोआ वारला की चर्चची घंटा वाजायची आणि लोक एकमेकांना विचारायचे, आतला की बाहेरचा?

पुढे स्पेनविरुद्ध लढाई पेटली तेव्हा ही ऐन विशीतली. घरात न सांगता बंडखोरांच्या, म्हणजे मांबींच्या, छावणीत स्वयंपाकाला गेली. बंदूक तिनं कधी हातात धरली नाही, पण डाव असा धरायची की बंदूकवाले नीट वागायचे.

"गोरा, काळा, चिनी, सगळे माझ्या पातेल्यापुढे एका रांगेत," ती म्हणायची. "पुढे घुसला की डाव डोक्यात, मग तो कप्तान असो. तेव्हा सगळे म्हणायचे, आम्ही फक्त क्यूबाचे. आणि मग देश मिळाला, बाबा, आणि रांगा दोन झाल्या."

हे म्हणताना ती चिडायची नाही. चिडायचं काम तिनं मला दिलं होतं.

तिचा मुलगा प्राक्सेदेस सुतार, आणि बँडमध्ये माझ्याच मागच्या रांगेत मोठा पितळी कर्णा वाजवायचा, मांडीवर बाळ घ्यावं तसा घेऊन. बँडमधले आम्ही अर्धे तरी बाहेरच्या वाटेचे. पण अंगात पांढरा कोट आणि त्यावर पितळी बटणं असली की आम्हाला आतून चौथऱ्यापर्यंत जाता यायचं. एकदा उकाड्यानं प्राक्सेदेसनं कोट काढून हातावर घेतला तर लगेच दोघांनी हटकलं, "ए, कुठं चाललास?" त्यानं तिथेच कोट चढवला. दोघं म्हणाले, "अस्सं, बँडवाले का! या, या." गोरी होती ती बटणं.

आता खरी गोष्ट. सेरापियाची आई रात्री गुलामांच्या बराकीत एक सूर गुणगुणायची. शब्द लुकुमी. ते सेरापियाला पाठ होते पण अर्थ ठाऊक नव्हता. "सूर देऊन गेली, अर्थ द्यायला तिला सवड नव्हती," ती म्हणायची. नारळ खवताना ती तोच सूर गुणगुणायची, आणि लेकानं तो तिच्या मांडीवरच उचलला. प्राक्सेदेसनं चाळिशीत एक दान्सोन रचला, आमच्याकडे जोडीनं नाचायची संथ चाल असते ती, आणि त्याच्या शेवटच्या भागात आजीचा सूर कर्ण्यावर घातला. बँडमास्तरांना चाल आवडली. दहा ऑक्टोबरला, स्पेनविरुद्धच्या पहिल्या बंडाच्या वाढदिवशी, ती बागेत वाजवायची ठरली.

आणि नेमके त्याच वर्षी मा सेरापियाचे कान जायला लागले. डावा गेलाच होता. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाला, नाताळापर्यंत तोही जाईल. बाहेरच्या वाटेवर टोपलीपाशी बसून तिला आता बँडातला फक्त मोठा ढोल ऐकू यायचा.

"आई, मी घरी रोज वाजवतो की. घरीच ऐक ना," प्राक्सेदेस म्हणायचा.

"घरी काय ऐकू? एकटा कर्णा म्हणजे गाय हंबरल्यासारखं. माझ्या आईचा सूर चारचौघांत कसा उभा राहतो ते ऐकायचंय मला. आणि ती आतल्या बेरोआंची तोंडं बघायची आहेत. आईला गाताना पकडलं की चाबूक बसायचा. आता तेच गाणं ऐकून माना डोलवताना बघायचंय. चौथऱ्यासमोरच्या बाकावर बसून. एकदाच. मग कान गेले तर जाऊ देत, नाहीतरी गावात ऐकण्यासारखं बोलतं कोण?"

प्राक्सेदेस मास्तरांकडे गेला. मास्तर माणूस वाईट नव्हते, पण वाऱ्याची दिशा बघून छत्री धरणारे. ते म्हणाले, "माझं काही नाही रे. पण लोक काय म्हणतील?" मग तो नगराध्यक्षांच्या कारकुनाकडे गेला. तो म्हणाला, "आमचं काही नाही, पण आतल्या बायकांना चालायचं नाही." आतल्या बायकांपैकी एक माझ्या गिऱ्हाइकाची बायको होती, तिला विचारलं तर म्हणाली, "माझं तर काहीच नाही, पण नवरा..." सगळ्या गावात एकाचंही काही नव्हतं, आणि तरी म्हातारीला बाकावर बसता येत नव्हतं. कुंड्यांपेक्षा हे 'माझं काही नाही' ओलांडायला कठीण.

शिवाय प्राक्सेदेसला दुसरीच चिंता पोखरत होती. दाढी करायला आला तेव्हा फेस लावलेल्या तोंडानंच मला म्हणाला, "मास्तरांनी सूर कापलाय."

"कापलाय म्हणजे?"

"शेवटी तो एकदम वर उडी मारतो ना, तिथे. म्हणाले, इथे सूर फार बाहेर जातो, आत घेऊ. आता तो गुळगुळीत उतरतो. चर्चमध्ये वाजवला तरी चालेल."

"मग आईला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? कुठल्या तोंडानं सांगू? आधी म्हणायचो, तिला आत बसायला मिळू दे. आता झोपताना म्हणतो, नको मिळू दे." आणि तो रडवेला झाला. मी वस्तरा बाजूला ठेवला, कारण रडणाऱ्या माणसाची दाढी करणं धोक्याचं असतं.

दहा ऑक्टोबर उजाडला. संध्याकाळी बाग तुडुंब. आत नगराध्यक्ष, त्यांची पंखेवाली बायको, आतल्या बेरोआंचं सगळं खटलं. बाहेर आमची माणसं, आणि मा सेरापिया टोपलीपाशी, डोक्याला धुतलेला पांढरा रुमाल. कार्यक्रम राष्ट्रगीतानं सुरू व्हायचा, आणि लगेच त्याच्यामागून प्राक्सेदेसचा दान्सोन.

आमच्याकडे राष्ट्रगीत सुरू झालं की जो जिथे असेल तिथे खांब होतो. टोप्या छातीशी, नाकावर माशी बसली तरी हाकलायची नाही. पोलीस नोर्बेर्तो आतल्या वाटेवर गस्त घालत होता, तोही टाचा जोडून, हात कपाळाला लावून ताठ झाला. ढोल वाजला. आणि माझी नजर गेली तर मा सेरापिया उठलेली.

तिला ढोलच ऐकू येत होता. तिला वाटलं, दान्सोन सुरू झाला. निदान पुढे तिनं सगळ्यांना तसंच सांगितलं. माझं विचाराल तर ज्या गाण्यावर तिनं तीन वर्षं लढाईत पातेली उपसली, ते तिनं ढोलावरूनच काय, वासावरूनही ओळखलं असतं. पण ती शपथेवर सांगते तर आपण खोटं कशाला म्हणा.

टोपली कमरेवर घेऊन ती दोन कुंड्यांच्या मधून आत शिरली आणि सावकाश चालायला लागली. सगळी बाग गोठलेली, आणि त्यात एकटी म्हातारी चालते आहे, पुतळ्यांच्या मधून. नोर्बेर्तोनं तिला बघितलं. डोळे फिरवले फक्त, हात कपाळालाच. नगराध्यक्षांच्या बायकोचा पंखा अर्धा उघडलेला तसाच राहिला. कोण काय करणार? राष्ट्रगीत चालू होतं.

पण आमचं राष्ट्रगीत फार छोटं. म्हातारी अर्ध्या वाटेवर असतानाच शेवटची ओळ आली. मास्तरांनी दोन्ही हात वर करून ते संपवलं, आणि ते हात खाली यायच्या आतच माझ्या मागून कर्णा वाजला. प्राक्सेदेसनं राष्ट्रगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं.

एकट्या कर्ण्यावर देशाचं गाणं लटकत ठेवणार कसं? मी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. ढोलवाला आला, तुताऱ्या आल्या. मास्तरांची पाठ लोकांकडे होती, तोंड आमच्याकडे, आणि त्या तोंडातून जे बाहेर पडत होतं ते सणाच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही. "कोण गाढव तो? कोण तो? थांबवा!" असं म्हणत ते हात मात्र तालात हलवत होते, कारण राष्ट्रगीत अर्ध्यावर तोडणारा मास्तर उद्या कुठे नोकरी करणार?

दुसऱ्यांदा संपलं तेव्हा म्हातारी बाकापासून थोडी लांब होती, कारण वाटेत तिनं एका ओळखीच्या पोराच्या हातात वडी ठेवली होती. पोरानं राष्ट्रगीताचा मान राखून ती तशीच धरली. म्हणून तिसऱ्यांदा. या वेळी सुरुवात मी केली, खोटं कशाला बोलू. टोप्या धरलेल्यांचे हात थरथरायला लागले. नगराध्यक्षांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला आणि ते देशासाठी तो सहन करत राहिले.

बाकापुढचे सगळे उभे होते, त्यामुळे बाक रिकामं. मा सेरापिया त्यावर बसली, टोपली शेजारी ठेवली, झगा नीट केला आणि वर आमच्याकडे बघितलं. मास्तरांनी ती संधी साधून राष्ट्रगीत असं काही खटकन संपवलं की जणू दार आपटलं.

नोर्बेर्तो हात खाली घेऊन बाकाकडे निघाला. ताडमाड पोरगा, गोरासा, केस तेल चोपडून टोपीखाली सपाट बसवलेले.

"आजी, उठा. इथे बसता येत नाही."

"काय?"

"इथे बसता येत नाही!"

"येतं की. बसले ना मी."

बाहेरून हशा आला. नोर्बेर्तोचे कान लाल झाले. "आजी, मी शेवटचं सांगतो..."

"थांब जरा, उजेडात ये. नोर्बेर्तो ना तू? आणि मला आजी आजी करतोस, तुझी आजी कुठे आहे रे?"

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्या बेटावर 'तुझी आजी कुठे आहे?' यासारखा झोंबणारा टोमणा दुसरा नाही. जो गोरेपणाचा तोरा मिरवतो त्याला हे विचारायचं, म्हणजे पाहुणे आले की मागच्या दारी लपवतोस ती काळी आजी कुठाय? यावरून सुऱ्या निघालेल्या मी बघितल्या आहेत. पण मा सेरापियानं टोमणा मारला नव्हता. नोर्बेर्तोची आजी एदुविहेस आणि ती एकाच बराकीत वाढल्या होत्या, आणि तिला खरंच विचारायचं होतं. फक्त बहिरं माणूस विचारतं तसं विचारलं, अख्ख्या बागेला ऐकू जाईल असं.

बाहेर लोक पोट धरून हसायला लागले. आत एकही हसला नाही. आतल्या कितीजणांच्या आज्या कुठे आहेत ते न्हाव्याला माहीत असतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि तेल चोपडलं म्हणून कुरळे केस जन्मभर सपाट राहत नाहीत. नोर्बेर्तोचे दर शनिवारी मीच कापायचो.

त्यानं दांडक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता म्हातारीला ओढतो. मग त्यानं कुंड्यांकडे बघितलं. तिथे झाडाखाली एदुविहेस उभी होती, लहानखुरी, कोळशासारखी काळी, हाताची घडी घालून. ती प्रत्येक गुरुवारी यायची, प्रत्येक रविवारी यायची, आणि नातू गस्त घालत समोरून जायचा तेव्हा ती दुसरीकडे बघायची, त्याची पंचाईत होऊ नये म्हणून.

नोर्बेर्तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल बाबा," सेरापिया म्हणाली, "एकच कान उरलाय, तोही अर्धा."

"बाहेर!" तो ओरडला. "बाहेर उभी आहे! ती बघा, ती माझी आजी!"

हसणं थांबलं. सेरापियानं टोपली उचलून मांडीवर घेतली.

"मग आण की तिला. जागा आहे."

आणि तो गेला हो. दांडकं कमरेला, टोपी काखेत, कुंड्या ओलांडून गेला आणि आजीला दंडाला धरून घेऊन आला. ती येताना सारखी म्हणत होती, "अरे नको, माझी चप्पल बघ कसली आहे." तिला बाकावर बसवून तो मागे उभा राहिला, मघासारखाच ताठ, फक्त आता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला कुणी मनाई केलेली नव्हती.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, उगाच कुणाचा गैरसमज नको. कुंड्या त्यानंतरही दहा वर्षं तिथेच राहिल्या. नोर्बेर्तोची बदली झाली, प्राक्सेदेसला आणि मला महिनाभर बँडमधून काढलं. आम्ही काही जिंकलो वगैरे नव्हतो. पण त्या संध्याकाळी मास्तरांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी काठी उचलली आणि दान्सोन सुरू केला.

चाल सुरेख होती. आतले बेरोआ खरंच माना डोलवायला लागले. सेरापियानं उजवा कान चौथऱ्याकडे करून एकेकाचं तोंड निरखलं आणि तिला एवढा आनंद झाला की तिनं एदुविहेसला कोपरानं ढोसलं. मग शेवटचा भाग आला. कर्णा उठला. तिच्या आईचा सूर, स्वच्छ, संथ, सगळ्या बँडाच्या वर. म्हातारीनं डोळे मिटले. मागे प्राक्सेदेसचा श्वास मला ऐकू येत होता. ती जागा आली, आणि सूर मास्तरांनी आखलेल्या वाटेनं गुळगुळीत खाली उतरला.

"थांबा!"

मा सेरापिया उभी होती. मास्तर थांबले. कोणी थांबा म्हटलं की थांबायचं ही त्यांची जुनी सवय.

"खोटं वाजवतोस!" ती लेकावर ओरडली. "माझी आई अशी खाली मान घालून जायची नाही!"

आणि तिनं तिथेच तोंड उघडलं आणि ती गायली. आवाज फाटका, पण वर जायच्या जागी वर गेला, सरळ, काही न विचारता. दुसऱ्या ओळीला शेजारून बारीक आवाज मिसळला. एदुविहेसलाही शब्द येत होते. दोघींनाही अर्थ माहीत नव्हता, आणि दोघी एकही अक्षर चुकल्या नाहीत. प्राक्सेदेसनं कर्णा ओठांना लावला आणि आईच्या मागोमाग ती उडी मारली. मग मी मारली, मग तुताऱ्यांनी, आणि मास्तरांनी आधी आमच्याकडे, मग त्या दोघींकडे बघितलं आणि मग ते काठी दोघींच्या तालावर हलवायला लागले.

मी क्लॅरिनेटवरून खाली बघितलं. नगराध्यक्षांची टोपी पुन्हा छातीशी गेली होती. पंखा अर्धाच उघडा होता. राष्ट्रगीत केव्हाच संपलं होतं, आणि तरी सगळे उभे होते आणि कुणी हलत नव्हतं.